घटिका, कोडी आणि सम्यक समाधी : एकाग्रतेच्या नव्या साधनांची धम्मदृष्टीने चिकित्सा

वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा अशा सहा तालुक्यांचा वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यापासून वेगळा झाला. २०१८ साली केंद्र शासनाने विकासात मागे राहिलेल्या जिल्ह्यांची ‘आकांक्षित जिल्हे’ या नावाने यादी केली, तेव्हा तीत महाराष्ट्रातील ज्या चार जिल्ह्यांचा समावेश झाला त्यांत वाशीम होता. सोयाबीन आणि तूर यांवर विसंबलेली कोरडवाहू शेती, तुरळक कारखानदारी आणि त्यामुळे शिकलेल्या तरुणांची आशा स्पर्धा परीक्षांवर एकवटलेली, असे येथील चित्र आहे. तलाठी, पोलीस शिपाई, शिक्षक वा राज्यसेवा यांपैकी कोणत्या तरी परीक्षेसाठी वर्षानुवर्षे अभ्यासिकेत बसणारा मुलगा किंवा मुलगी आपल्या वस्त्यांना अपरिचित नाही.

या विद्यार्थ्यापुढे आज पुस्तकांच्या दुर्मिळतेइतकाच चित्ताच्या विस्कळीतपणाचा प्रश्न उभा आहे. मोबाईल हातात आहे, मन पानावर ठरत नाही, बसणे होते पण अभ्यास होत नाही, ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. या तक्रारीवर दोन उपाय हिरिरीने सुचविले जातात. पहिला, घड्याळ लावून अल्प मुदतीच्या बैठकांत काम करणे. दुसरा, स्मरण व अवधान वाढविण्याचा दावा करणारे बौद्धिक खेळ रोज खेळणे. हे उपाय नवे म्हणून डोक्यावर घेणे किंवा परके म्हणून झिडकारणे, या दोन्ही गोष्टी तथागतांनी कालामांना केलेल्या उपदेशाशी विसंगत ठरतील. अनुभवाच्या आणि हिताच्या कसोटीवर घासून पाहणे हाच आपला मार्ग आहे. प्रस्तुत लेखात त्या कसोटीवर या दोन साधनांची चिकित्सा करावयाची आहे; आणि ती करताना आपल्या चळवळीतील एका आदरणीय प्रथेचाही विचार करणे क्रमप्राप्त आहे.

१. पंचवीस मिनिटांची शिस्त

पहिल्या उपायाचे आजचे प्रचलित रूप इटलीत जन्मले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या विद्यार्थ्याने टोमॅटोच्या आकाराचे स्वयंपाकघरातील घड्याळ समोर ठेवून अभ्यास करण्याची एक रीत बसविली. इटालियन भाषेत टोमॅटोला ‘पोमोदोरो’ म्हणतात, म्हणून रीतीलाही तेच नाव पडले. पंचवीस मिनिटे एकच काम, नंतर पाच मिनिटे विश्रांती, अशा चार फेऱ्या झाल्या की पंधरा ते तीस मिनिटांची मोठी विश्रांती, एवढाच तिचा सांगाडा आहे. बैठक चालू असताना दुसरा विचार सुचला तर तो कागदावर टिपून बाजूला ठेवावयाचा.

या रीतीमागील निरीक्षण मात्र तिच्याहून जुने आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रडारवर नजर ठेवणाऱ्या सैनिकांकडून चुका का होतात, या प्रश्नातून नॉर्मन मॅकवर्थ या ब्रिटिश शास्त्रज्ञाने घड्याळाचा एक प्रयोग रचला आणि १९४८ साली त्याचे निष्कर्ष मांडले. तबकडीवरील काटा ठरावीक अंतराने पुढे सरके आणि क्वचित दुप्पट उडी घेई. ती उडी पाहणाऱ्याने टिपावयाची. पहिल्या अर्ध्या तासानंतर उड्या निसटण्याचे प्रमाण स्पष्टपणे वाढलेले दिसले. सलग अवधानाला मर्यादा आहे, ती आळसामुळे नव्हे तर चित्ताच्या स्वभावामुळे आहे, हे यातून दिसते. तेव्हा अल्प मुदतीच्या बैठकीला आधार आहे, हे मान्य केले पाहिजे. पंचवीस हा आकडा मात्र पवित्र नाही. गणिताचा प्रश्न सुटण्याच्या बेतात असताना घंटी वाजली म्हणून उठणे हे शिस्तीचे नव्हे, यांत्रिकतेचे लक्षण होय.

२. विहारातील घटिका आणि चंक्रमण

वेळ मोजून साधना व अध्ययन करण्याची कल्पना आपल्या परंपरेला नवखी नाही. सातव्या शतकात भारतात आलेला चिनी भिक्खू इत्सिंग याने येथील मोठ्या विहारांतील जलघटिकांचे वर्णन केले आहे. तळाशी सूक्ष्म छिद्र असलेले तांब्याचे पात्र पाण्यावर तरंगत ठेवावयाचे. ते भरून बुडाले की एक माप पूर्ण झाले, आणि ढोल वाजवून ते सर्वांना कळवावयाचे. नालंदेसारख्या विद्यापीठातील दिनक्रम या मापांनी बांधलेला होता. भारतीय कालगणनेत दिवसरात्रीच्या साठ घटिका मानल्या गेल्या, म्हणजे एक घटिका चोवीस मिनिटांची. आपण बोलताना ‘घटकाभर बसा’ म्हणतो, तेव्हा आपल्याही नकळत या मापाचा उच्चार करीत असतो. इटलीतील टोमॅटोचे घड्याळ आणि आपली घटिका यांत एका मिनिटाचेच अंतर आहे, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट विश्रांतीची आहे. पाच मिनिटांच्या मोकळ्या वेळात विद्यार्थी मोबाईल उघडतो आणि पंचवीस मिनिटांत जे मिळविले ते पाच मिनिटांत उधळतो. भिक्खूंच्या दिनक्रमात दोन बैठकांच्या मध्ये चंक्रमण असे, म्हणजे सजगपणे येरझारा घालणे. अंगुत्तरनिकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत : प्रवासाची क्षमता, परिश्रमाची क्षमता, आरोग्य, अन्नाचे पचन आणि पाचवा, चालताना प्राप्त झालेली समाधी दीर्घकाळ टिकते. विश्रांती म्हणजे चित्त मोकाट सोडणे नव्हे. शरीराची ठेवण बदलून स्मृती कायम ठेवणे होय. पोमोदोरो रीतीचे अनुकरण करणाऱ्यांनी घड्याळ उचलले, पण विश्रांतीचे शास्त्र उचलले नाही. ते आपल्या परंपरेत तयार आहे.

३. अठरा तास : संकल्प आणि दिनक्रम

आता आपल्या प्रथेकडे वळू. १४ एप्रिलच्या सुमारास महाराष्ट्रातील विद्यापीठांत, महाविद्यालयांत, वसतिगृहांत आणि विहारांत ‘सलग अठरा तास अभ्यास’ हा उपक्रम होतो. मिरवणुकीच्या गोंगाटाऐवजी ग्रंथ उघडून अभिवादन करावे, ही त्यामागील भावना थोर आहे, आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अविरत ज्ञानसाधनेचे स्मरण त्याहून समर्पक रीतीने होणे कठीण आहे. या उपक्रमाविरुद्ध येथे काही म्हणावयाचे नाही. म्हणावयाचे आहे ते, वर्षातील एका दिवसाच्या संकल्पाला रोजच्या दिनक्रमाचे माप समजण्याविरुद्ध. अठरा तास बसता येत नाही म्हणून आपण नालायक आहोत, असा अपराधभाव अनेक विद्यार्थी उराशी बाळगतात. काही झोप तोडतात, आणि स्मरण पक्के होण्याच्या क्रियेत झोपेचा मोठा वाटा असल्यामुळे, वाचलेले गमावतात.

या संदर्भात सोण कोळिवीस या भिक्खूची कथा विनयपिटकात व अंगुत्तरनिकायात आलेली आहे, तिचे मनन करावे. धनाढ्य घरातून आलेल्या या कोमल शरीराच्या भिक्खूने राजगृहाजवळ इतके कठोर चंक्रमण केले की त्याचे पाय रक्ताळले. तरीही चित्त मुक्त होईना, तेव्हा गृहस्थाश्रमात परतावे असे त्याच्या मनात आले. भगवंतांनी त्याला वीणेचा दाखला दिला, कारण तो पूर्वी वीणावादनात निपुण होता. तारा फार ताणल्या तरी वीणा वाजत नाही, सैल सोडल्या तरी वाजत नाही. तसेच, अतिवीर्याने चित्त विक्षिप्त होते आणि अल्पवीर्याने आळसावते. म्हणून वीर्याचा समतोल ओळखावा. येथे तथागतांनी सोणाला परिश्रम सोडण्यास सांगितले नाही, परिश्रमाचा स्वर जुळविण्यास सांगितले.

द्वेधावितक्क सुत्तातही हेच सूत्र आहे. बोधिप्राप्तीपूर्वीच्या काळाविषयी सांगताना भगवंत म्हणतात की, कुशल विचारांतही धोका दिसत नव्हता, परंतु अतिकाळ चिंतन केल्यास शरीर थकते, शरीर थकले की चित्त क्षुब्ध होते, आणि क्षुब्ध चित्त समाधीपासून दूर जाते, हे जाणून ते चित्ताला आत स्थिर करीत. चांगले काम आहे म्हणून ते कितीही वेळ ताणावे, या समजुतीला हे सरळ उत्तर आहे.

बाबासाहेबांच्या परिश्रमाचा अर्थही नीट लावला पाहिजे. त्यांनी तास मोजण्यासाठी अभ्यास केला नाही. समोरचा प्रश्न तडीस नेण्यासाठी तास वेचले. आणि त्या जीवनाची किंमतही होती. उत्तरायुष्यात मधुमेह, पायांच्या वेदना आणि मंदावलेली दृष्टी यांच्याशी झुंजत त्यांनी धम्मग्रंथ पूर्ण केला. त्यांचा त्याग हा कृतज्ञतेचा विषय आहे. तो अठरा वर्षांच्या मुलीच्या आरोग्याला लावावयाचा मापदंड नव्हे.

४. कोड्यांचा बाजार

दुसरा उपाय बौद्धिक खेळांचा. येथे चिकित्सा अधिक कठोर करावी लागेल, कारण या उपायाच्या पाठीशी मोठा व्यापार आहे. मोबाईलवर आकृत्या लक्षात ठेवणे, रंग व शब्द यांची सरमिसळ ओळखणे, अंक जुळविणे असे खेळ रोज काही मिनिटे खेळल्यास स्मरणशक्ती, अवधान आणि एकूण बुद्धी वाढते, असा प्रचार केला जातो.

वस्तुस्थिती अशी आहे. २०१० साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ११,४३० व्यक्तींनी सहा आठवडे असे खेळ खेळले. ज्या खेळाचा सराव केला त्यात ते तरबेज झाले. परंतु सराव न केलेल्या, अगदी जवळच्या कामांतही ती प्रगती उतरली नाही. २०१४ साली सुमारे सत्तर शास्त्रज्ञांनी एका निवेदनाद्वारे अशा उत्पादनांच्या दाव्यांविषयी सावधगिरीचा इशारा दिला. त्याला शंभरावर शास्त्रज्ञांनी प्रत्युत्तरही दिले. म्हणजे वाद संपलेला नाही. परंतु २०१६ साली डॅनियल सायमन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधनाचा विस्तृत आढावा घेतला, तेव्हा खेळातील प्रगती दैनंदिन जीवनातील कामगिरीत उतरते याला पुरेसा पुरावा नाही, असाच निष्कर्ष निघाला. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने ‘लुमोसिटी’ या प्रसिद्ध खेळमालेच्या कंपनीवर फसव्या जाहिरातींचा आरोप ठेवला आणि तिने वीस लाख डॉलर भरून तडजोड केली.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पासष्ट वर्षांवरील २,८३२ व्यक्तींवर अमेरिकेत झालेल्या व २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्या क्षमतेचे प्रशिक्षण दिले तीत सुधारणा दिसली आणि ती काही काळ टिकली. म्हणजे सराव निष्फळ नसतो. तो ज्याचा केला त्याचेच फळ देतो. यातून निघणारा निष्कर्ष विद्यार्थ्याच्या हिताचा आहे. राज्यघटनेचा अभ्यास सुधारावयाचा असेल तर राज्यघटना वाचावी व आठवावी. रंगीत चौकोन जुळवून ती आठवणार नाही.

या ठिकाणी दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्ताचे स्मरण होते. प्रमादाला कारण होणाऱ्या ज्या खेळांपासून श्रमण गौतम अलिप्त राहतो, त्यांची लांबलचक यादी तेथे आहे. आठ व दहा घरांच्या पटांवरील खेळ, पट मनात कल्पून खेळावयाचे खेळ, फासे, आणि त्यांच्यासोबत ‘अक्खरिका’ म्हणजे हवेत वा पाठीवर रेखाटलेली अक्षरे ओळखणे व ‘मनेसिका’ म्हणजे दुसऱ्याच्या मनातले ओळखणे. हे खेळ बुद्धीचेच आहेत. तरीही त्यांची गणना प्रमादस्थानांत झाली आहे. ही यादी भिक्खूच्या शीलाची आहे, गृहस्थाच्या घरातील बुद्धिबळावर बंदी घालण्यासाठी ती वापरू नये. मुलांनी जरूर खेळावे, खेळात आनंद आहे. पण खेळ हा खेळ म्हणूनच खेळावा. प्रमादाला साधनेचे नाव देऊन आपलीच फसगत करून घेऊ नये, एवढा बोध त्या यादीतून निश्चित मिळतो.

५. बुद्धी कुणाची मंद?

बौद्धिक खेळांच्या प्रचारात एक गृहीत दडलेले आहे, त्याकडे आंबेडकरी वाचकाने विशेष लक्ष द्यावे. ते असे की, अपयशाचे मूळ विद्यार्थ्याच्या मेंदूत आहे आणि मेंदू दुरुस्त केला की यश मिळेल. शतकानुशतके ज्यांना बुद्धीच नाही असे सांगितले गेले, त्यांच्या मुलांना हे गृहीत नव्या वेषात विकले जात आहे.

बुद्धिमापनाचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने याने १९०५ साली सिमोनच्या साहाय्याने पहिली चाचणी तयार केली, ती शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना मदत करता यावी म्हणून. बुद्धी जन्मतः ठरलेली व न बदलणारी आहे, हे मत त्याला मान्य नव्हते. १९०९ साली त्याने मुलांच्या अवधानासाठी व्यायाम सुचविले. पुतळ्यासारखे निश्चल राहण्याचा खेळ हा त्यांपैकी एक. पुढे अमेरिकेत त्याच चाचणीचा उपयोग माणसांची कायमची प्रतवारी लावण्यासाठी झाला. साधन तेच, हेतू बदलला आणि मुक्तीचे साधन बंधनाचे झाले. आपल्याकडील ‘गुणवत्ते’च्या चर्चेत ही प्रतवारी अजून जिवंत आहे.

भगवंतांच्या संघात चुल्लपंथक नावाचा भिक्खू होता. चार महिन्यांत त्याला एक गाथा पाठ झाली नाही, म्हणून थोरल्या भावाने, तो स्वतः भिक्खू असूनही, त्याला विहार सोडून जाण्यास सांगितले. भगवंतांनी त्याला मंद ठरविले नाही. त्याची स्मरणशक्ती वाढविण्याचा खटाटोपही केला नाही. त्यांनी त्याच्या हाती स्वच्छ वस्त्राचा तुकडा दिला आणि तो चोळीत राहण्यास सांगितले. हाताच्या स्पर्शाने वस्त्र मळत गेले. त्या मळण्यातून चुल्लपंथकाला अनित्यतेचा बोध झाला. शिकविण्याची रीत बदलली तेव्हा ‘मंद’ ठरविलेला भिक्खू अर्हत झाला. दोष शिष्यात शोधण्यापूर्वी शिकविण्याच्या रीतीत शोधावा, हा या कथेचा अर्थ आजच्या प्रत्येक शिक्षकाने व मार्गदर्शन वर्गाने आत्मसात करावा.

६. उपमा आणि वस्तुस्थिती

धम्मात चित्ताच्या एकाग्रतेला अडविणारी पाच नीवरणे सांगितली आहेत : कामच्छंद, व्यापाद, थीनमिद्ध म्हणजे सुस्ती व जडता, उद्धच्चकुक्कुच्च म्हणजे चंचलता व पश्चात्ताप, आणि विचिकिच्छा म्हणजे संशय. अभ्यासिकेतील विद्यार्थ्याला ही पाचही ओळखीची आहेत. मोबाईलची ओढ, अपमानाचा सल, दुपारची झापड, मागील परीक्षेतील अपयशाची टोचणी, आणि एवढे करून जागा निघतील काय ही शंका. घड्याळ यांपैकी पहिल्या व तिसऱ्या नीवरणाला थोडा वेळ आवरू शकते. उरलेल्या तिघांना घड्याळाचा धाक नाही.

सामञ्ञफल सुत्तात या नीवरणांना पाच उपमा दिल्या आहेत : कर्ज, आजार, तुरुंग, दास्य आणि संकटांनी भरलेली वाट. त्यांतून सुटलेल्या माणसाला जो आनंद होतो, तसा नीवरणे दूर झाल्यावर साधकाला होतो. पण ज्या घरात पेरणीचे कर्ज खरोखरीच डोक्यावर आहे, आजारी माणसाच्या औषधाला खरोखरीच पैसा नाही, त्या घरातील मुलासाठी ही उपमा उरत नाही. ती वस्तुस्थिती होते. २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात तामिळनाडूतील ५४ गावांतील ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ऊस तुटण्यापूर्वी, हातात पैसा नसताना, आणि पैसा आल्यानंतर, अशा दोन्ही वेळी त्याच शेतकऱ्यांना आकृत्यांची कोडी व अवधानाच्या चाचण्या दिल्या गेल्या. तंगीच्या काळात त्यांची कामगिरी उतरलेली दिसली. या अभ्यासाच्या मांडणीवर आक्षेपही घेतले गेले आहेत, तरी त्याने विचारलेला प्रश्न मोलाचा आहे. माणूस तोच, मेंदू तोच. मग बदलले काय? विवंचना. विवंचनेने व्यापलेल्या चित्तावर कोड्यांचा इलाज करणे म्हणजे उपाशी माणसाला भूक विसरण्याचा व्यायाम सांगण्यासारखे आहे.

बाबासाहेबांचे विद्यार्थिदशेतील जीवन येथे पुन्हा मार्गदर्शक ठरते. परळच्या डबक चाळीतील एका खोलीत सारे कुटुंब राहत असे. त्या खोलीत निवांतपणा मिळे तो केवळ पहाटेपूर्वी. म्हणून सुभेदार रामजी मुलाला लवकर झोपवीत आणि रात्री दोनच्या सुमारास उठवून अभ्यासाला बसवीत. या प्रसंगाची थोरवी आपण सांगतो, पण त्यातील व्यवस्था पाहत नाही. वडिलांनी मुलाला एकाग्र होण्याचा केवळ उपदेश केला नाही. त्यांनी आपली झोप देऊन त्याच्यासाठी शांत वेळ आणि मोकळी जागा निर्माण केली. एकाग्रता ही विद्यार्थ्याच्या एकट्याची कमाई नसते, ती कुणीतरी त्याला उपलब्ध करून द्यावी लागते. मुलींच्या बाबतीत हे अधिक खरे आहे. भावाच्या अभ्यासाची वेळ घरात सर्वजण पाळतात. बहिणीची पंचवीस मिनिटे पाण्याच्या हंड्यासाठी आणि पाहुण्यांच्या चहासाठी कितीदा मोडतात, याचा हिशेब प्रत्येक उपासकाने आपल्या घरी करावा.

७. समाधी आणि सम्यक समाधी

शेवटचा व मूलभूत प्रश्न दिशेचा आहे. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या धम्मग्रंथात बाबासाहेबांनी समाधी आणि सम्यक समाधी यांत केलेला भेद सुपरिचित आहे. त्यांच्या विवेचनाचा आशय असा की, नुसती समाधी नीवरणांना तात्पुरती थोपवून धरते, तिच्यात चित्ताला वळण लागत नाही. सम्यक समाधी चित्ताला एकाग्रतेबरोबरच कुशलाचे चिंतन करण्याची सवय लावते आणि म्हणून तिचा परिणाम स्थायी असतो. घड्याळ लावून साधलेली एकाग्रता ही पहिल्या प्रकारची आहे. घंटी वाजेपर्यंत नीवरणे दाराबाहेर थांबतात. घंटी वाजताच आत येतात. नेम धरणाऱ्या शिकाऱ्याचे आणि खिसा कापणाऱ्याचे चित्तही एकाग्रच असते. म्हणून ‘किती वेळ एकाग्र झालो’ या प्रश्नाच्या आधी ‘कशासाठी’ हा प्रश्न येतो.

म्हणून घड्याळ टाकून द्यावे काय? तसे नव्हे. द्वेधावितक्क सुत्तातील गुराख्याची उपमा याचे उत्तर देते. पावसाळ्याच्या अखेरच्या महिन्यात शेते पिकाने दाटलेली असताना गुराख्याला काठी घेऊन गायींना आवरावे लागते, कारण एखादी गाय पिकात शिरली तर शिक्षा त्याला होते. पीक घरी आल्यावर मात्र तो झाडाखाली बसून, गायी तेथे आहेत एवढी स्मृती ठेवली तरी पुरते. सोयाबीन उभे असताना बांधावर गुरे राखणाऱ्या वाशीमच्या शेतकऱ्याला ही उपमा समजावून सांगावी लागणार नाही. घड्याळ ही ती काठी होय. प्रारंभी ती हवीच. पण काठीचे काम गुरे वळविण्याचे आहे. जन्मभर काठी उगारून उभे राहणे हे गुराख्याचे ध्येय नव्हे. काठीकडून स्मृतीकडे जाणे, ही साधनेची वाट आहे.

८. विहारांचे कर्तव्य

आजचे वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेतील हरिषेण राजाचा सचिव वराहदेव याने अजिंठ्याचे सोळाव्या क्रमांकाचे लेणे भिक्खुसंघाला अर्पण केले, हे तेथील शिलालेखावरून ज्ञात आहे. त्या दानाचे स्वरूप पाहावे. मधोमध सभागृह आणि भोवती एकेकट्याने राहण्याच्या कोठड्या. दात्याने उपदेश दान केला नाही. निवांत जागा दान केली. त्या वारशाला आजच्या वाशीम जिल्ह्यातील विहारांनी जागावे.

जेथे विहार दिवसाचा बराच वेळ कुलूपबंद राहतो, तेथे तो सकाळ-संध्याकाळ अभ्यासासाठी उघडावा. बैठका घटिकेच्या मापाने घ्याव्यात. प्रारंभी दोन मिनिटे आनापानस्मृती, शेवटी पुस्तक मिटून वाचलेले मनाशी आठवावे. आपल्या परंपरेत याला सज्झाय म्हणजे स्वाध्याय म्हणतात. २००६ सालच्या रोडिगर व कार्पिक यांच्या प्रयोगातही, पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा न पाहता आठविल्याने आठवड्यानंतरचे स्मरण अधिक टिकते, असे दिसून आले. कोड्यांवर घालविण्याचा वेळ या आठविण्याला द्यावा. दोन बैठकांच्या मध्ये मोबाईल न उघडता विहाराच्या प्रांगणात चंक्रमण करावे. मुलींसाठी सुरक्षित वेळ आणि जाण्या-येण्याची सोबत यांची जबाबदारी उपासक-उपासिकांनी घ्यावी. आठवड्यातून एकदा एखाद्या शिक्षकाने किंवा नोकरीत स्थिर झालेल्या माजी विद्यार्थ्याने येऊन परीक्षेच्या शंकांचे निरसन करावे, कारण विचिकिच्छेवर जाणत्याच्या संगतीइतके प्रभावी औषध नाही. आणि १४ एप्रिलचा अठरा तासांचा संकल्प अवश्य व्हावा. त्याबरोबर, वर्षभर रोज किती घटिका बसणार, याचाही संकल्प त्याच दिवशी व्हावा.

यांपैकी कोणत्याही गोष्टीला मोठा निधी लागत नाही. लागते ती सुभेदार रामजींसारखी जागी असलेली माणसे, दुसऱ्याच्या अभ्यासासाठी आपली थोडी झोप देणारी. घड्याळ कोणत्याही दुकानात मिळेल; ही माणसे मात्र वस्तीनेच उभी केली पाहिजेत.